लॅपटॉप तापतोय? आधी उष्णता कुठे अडली ते शोधा

लॅपटॉप तापू लागला की पहिली धाव कूलिंग पॅडकडे जाते. पॅड येतो, खाली पंखे फिरू लागतात, आणि तरीही थोड्या वेळात यंत्र पुन्हा रखडतं. उष्णता नेमकी कुठे अडली आहे हे कुणी बघितलेलंच नसतं.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपमध्ये उष्णता तयार होते. थर्मल पेस्टच्या पातळ थरातून ती तांब्याच्या पट्टीत येते, तिथून हीटपाइपमध्ये (आत द्रव सील केलेल्या नळीत) आणि हीटपाइपच्या टोकाला असलेल्या बारीक पात्यांच्या जाळीत. त्या जाळीतून पंखा हवा ढकलतो आणि उष्णता बाहेर जाते. या वाटेत गडबड तीन तऱ्हांची असते: उष्णता विनाकारण जास्त तयार होते, चिपपासून पुढे सरकत नाही, किंवा जाळीतून बाहेर पडत नाही. तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. धूळ साचलेली असताना सेटिंग बदलून फार फायदा नाही, आणि ब्राउझरच प्रोसेसर खात असेल तर पेस्ट बदलणं म्हणजे वाया गेलेली मेहनत.

आधी आकडे बघा

हाताला लागणारी ऊब फसवी असते. धातूच्या बॉडीचा लॅपटॉप गरम लागतो याचा अर्थ बरेचदा एवढाच, की बॉडी उष्णता बाहेर टाकण्याचं काम करते आहे. म्हणून तापमान मोजा. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प, लिनक्सवर एलएम-सेन्सर्स ही मोफत साधनं पुरेशी आहेत. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसतं, प्रोसेसरचं नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

काही काम चालू नसताना प्रोसेसर ४० ते ५५ अंश सेल्सिअस, ब्राउझर आणि व्हिडिओ चालू असताना ५० ते ७०, आणि गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगसारख्या जड कामात ८० ते ९५ अंश, इतकं तापमान सर्वसाधारणपणे ठीक समजायचं. लॅपटॉपच्या बहुतेक प्रोसेसरना कंपनीने घालून दिलेली मर्यादा ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. आकडा तिथे टेकला की चिप स्वतःच आपला वेग कमी करते. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात, आणि ‘तापला की स्लो पडतो’ ही तक्रार त्यातूनच येते. एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रत्येक कोअरपुढे थ्रॉटलिंग झालं की नाही ते ‘येस’ किंवा ‘नो’ असं सरळ दिसतं. वेग कमी करूनही तापमान आटोक्यात आलं नाही तर यंत्र अचानक बंद होतं. वारंवार असं होत असेल तर ते आणखी रेटू नका.

पातळ लॅपटॉपमध्ये एखादं सॉफ्टवेअर उघडताना आकडा क्षणभर ९० पर्यंत उडी मारतो आणि लगेच खाली येतो. प्रोसेसर थोडा वेळ आपला वेग वाढवतो, त्या टर्बो बूस्टमुळे असं होतं आणि त्यात काळजीचं काही नाही. बघायचं ते सतत टिकून राहणारं तापमान.

पंधरा मिनिटांची चाचणी

लॅपटॉप टणक टेबलावर ठेवा, चार्जर लावा आणि एखादा व्हिडिओ एक्सपोर्टला टाका किंवा गेम चालवा. प्रोसेसरवर ताण टाकून बघणाऱ्या सिनेबेंच या सॉफ्टवेअरची सलग १० मिनिटांची चाचणीही चालेल. आकडा कसा चढतो ते बघत राहा आणि हवा बाहेर पडते त्या झरोक्यापाशी तळहात धरा.

काम सुरू होताच दोन-चार सेकंदांत आकडा मर्यादेला भिडला, तिथेच राहिला, काम थांबवताच झटक्यात वीस-तीस अंशांनी उतरला, आणि या सगळ्यात बाहेर येणारी हवा जेमतेम कोमट होती, तर उष्णता चिपमधून हीटसिंकपर्यंत, म्हणजे तांब्याची पट्टी, हीटपाइप आणि जाळी यांच्या जोडापर्यंत, पोचतच नाही. पेस्ट सुकली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही.

आकडा सावकाश चढत गेला, पंखा जोरात घोंगावतोय, पण हाताला लागणारा झोत अगदी क्षीण आणि चटका बसेल इतका गरम आहे, तर धूळ अडली आहे. काही वर्षं वापरलेल्या आणि कधीच न उघडलेल्या लॅपटॉपमध्ये सर्वांत जास्त आढळणारी अवस्था हीच.

झोत भरपूर आहे आणि गरमही आहे, म्हणजे कूलिंग आपलं काम चोख करतं आहे. मग एक तर काम जड आहे किंवा खोलीच तापलेली आहे. पंखा त्याच वेगाने फिरत असेल आणि कामही तेवढंच असेल, तर खोलीचं तापमान जितक्या अंशांनी वाढतं, साधारण तितक्याच अंशांनी चिपचंही वाढतं. २५ अंशांच्या खोलीत ८५ वर चालणारं यंत्र ३८ अंशांच्या खोलीत ९८ च्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या पट्ट्यात जाणारच.

तापमान ९० च्या वर गेलं तरी पंखा गप्प असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये सायलेंट मोड लागला आहे का ते आधी तपासा. तसं नसेल तर पंखा बंद पडला आहे. काही लॅपटॉप सुरू होतानाच फॅन एरर दाखवतात, तो संदेश एंटर दाबून पुढे ढकलू नका.

आणि कामच नसताना पंखा घोंगावत असेल तर दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधायचा.

हवेची वाट मोकळी ठेवणं

बहुतेक लॅपटॉप तळातून हवा आत ओढतात आणि बाजूने किंवा बिजागरीपाशी बाहेर टाकतात. गादी, उशी, रजई, मांडी, सोफा, ही सगळी तळाची जाळी बंद करणारी ठिकाणं. अंथरुणात बसून काम करायचंच असेल तर खाली लाकडी पाट किंवा जाड पुठ्ठ्याची फाइल ठेवा. टेबलावर असताना मागची बाजू दोन-तीन सेंटीमीटर उचलली तरी आत जाणारी हवा लक्षणीय वाढते. त्यासाठी स्टँडच हवा असं नाही, मागच्या दोन कोपऱ्यांखाली रबराचे ठोकळे पुरतात. फक्त ते जाळीवर येऊ देऊ नका. हवा बाहेर पडते त्या बाजूला भिंत किंवा पुस्तकांची चळत नको, निदान दहा सेंटीमीटर जागा मोकळी हवी.

बाहेरचा मॉनिटर जोडून झाकण बंद ठेवण्याची सवय असेल तर आपल्या यंत्राची हवा कुठून बाहेर पडते ते बघा. बिजागरीपाशी झरोका असेल तर बंद झाकण तिची वाट अडवतं आणि गरम झोत थेट पडद्याच्या खालच्या कडेवर आदळतो. अशा यंत्राचं झाकण थोडं तरी उघडं ठेवावं.

कूलिंग पॅड निरुपयोगी नाही, पण त्याचे पंखे लॅपटॉपच्या जाळीच्या बरोबर खाली आले तरच कामाचे. पॅडचा पंखा मधोमध आणि लॅपटॉपची जाळी कोपऱ्यात असेल तर जो फायदा होतो तो फक्त यंत्र उचललं गेल्याचा. बर्फाची पिशवी, ओलं फडकं, फ्रिज यांच्या वाटेला जाऊ नका. थंड पृष्ठभागावर हवेतली वाफ पाणी होऊन साचते, आणि ते पाणी बोर्डावर उतरलं की यंत्र गेलंच.

विनाकारण तयार होणारी उष्णता

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करून यादी उतरत्या क्रमाने लावा. मोठं अपडेट झाल्यावर सर्च इंडेक्सिंग आणि अँटिव्हायरस काही वेळ प्रोसेसर खातात, ते आपलं आपण थांबतं. पण अनोळखी नावाची प्रोसेस तासन्‌तास प्रोसेसर व्यापून बसली असेल तर संपूर्ण मालवेअर स्कॅन करा. तुमच्या यंत्रावर दुसऱ्याचं क्रिप्टो मायनिंग चालू असू शकतं.

बरेचदा गुन्हेगार ब्राउझर असतो. क्रोम आणि एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब किती खातोय ते वेगवेगळं दिसतं. साध्या व्हिडिओनेही लॅपटॉप तापत असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे ना ते बघा. ते बंद असलं की व्हिडिओ उलगडण्याचं काम ग्राफिक्स चिपमधल्या खास भागाऐवजी प्रोसेसरवर येऊन पडतं. व्हिडिओ कॉलमध्ये मागची पार्श्वभूमी धूसर करण्याची सोयही चांगलीच जड असते. तासाभराच्या मीटिंगला ती बंद ठेवली तर पंख्याचा आवाज लगेच उतरतो.

यानंतरचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे टर्बो बूस्टला लगाम. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर अँड बॅटरी इथे जाऊन पॉवर मोड ‘बॅलन्स्ड’ किंवा त्याखालचा निवडा. तेवढ्याने भागलं नाही तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट असं जाऊन ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के करा. बदल एका टक्क्याचा दिसतो, पण अनेक लॅपटॉपवर त्याने टर्बो पूर्ण बंद होतो आणि जड कामातलं तापमान झर्रकन खाली येतं. त्या बदल्यात वेग कमी होतो. लिखाण, स्प्रेडशीट, व्हिडिओ यांत तो जाणवत नाही, एक्सपोर्टला आणि कंपाइल करायला मात्र वेळ जास्त लागेल. काही नव्या यंत्रांवर हा पर्याय दिसतच नाही. तिथे कंपनीच्या अ‍ॅपमधला क्वायट किंवा बॅलन्स्ड मोड वापरा.

गेम खेळणाऱ्यांनी फ्रेम रेट बांधून ठेवावा. पडदा ६० हर्ट्‌झचा असेल तर १४० फ्रेम्स तयार करण्यात ग्राफिक्स चिपची मेहनत फुकट जाते. गेमच्या सेटिंगमध्ये मर्यादा ६० वर आणा किंवा फ्रेम्स पडद्याच्या वेगाशी जुळवणारं व्ही-सिंक चालू करा. अंडरव्होल्टिंग, म्हणजे चिपला थोडं कमी व्होल्टेज देणं, हाही चांगला मार्ग होता. पण २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली त्रुटी उघड झाल्यावर इंटेलच्या अनेक लॅपटॉपवर बायोस (यंत्र सुरू होताना चालणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून तो बंद करण्यात आला. तुमच्या यंत्रावर तो उपलब्ध नसेल तर जुना बायोस टाकून तो परत मिळवण्याच्या भानगडीत पडू नका.

मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये ‘कर्नल_टास्क’ प्रचंड सीपीयू घेताना दिसलं तर ते आजाराचं मूळ समजू नका. यंत्र थंड राहावं म्हणून मॅकओएस त्या मार्गाने इतर कामांना प्रोसेसर कमी मिळू देतं. खरा खाणारा यादीत त्याच्या खाली असतो. २०२० च्या एम१ पासूनच्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, त्यामुळे जड काम लांबलं की वेग उतरणार हे गृहीत धरावं.

धूळ काढणं

यंत्र वॉरंटीत असेल तर स्वतः उघडण्याआधी अटी वाचा, शक्यतो सेवा केंद्राकडूनच साफ करून घ्या. वॉरंटी संपली असेल तर हे काम घरी, तासाभरात, नीट होण्यासारखं आहे.

न उघडता झरोक्यातून हवा मारणं हा अर्धवट उपाय आहे. पंख्याच्या पात्यांवर असते ती बारीक भुकटी. हवा खरी अडवतो तो पंखा आणि जाळी यांच्या मधोमध बसलेला धुळीचा नमद्यासारखा जाड पट्टा. बाहेरून हवा मारली तर तो सुटून आत पंख्यात अडकतो किंवा जागच्या जागी घट्ट होतो. तो हातानेच काढावा लागतो.

आपल्या मॉडेलचं नाव टाकून उघडण्याचा व्हिडिओ किंवा सर्व्हिस मॅन्युअल आधी बघून घ्या. बहुतेकांना पीएच-० किंवा पीएच-०० स्क्रूड्रायव्हर लागतो, काहींना टॉर्क्स टी-५, मॅकबुकला पेंटालोब पी-५. लॅपटॉप शट डाउन करा, चार्जर काढा. विंडोजमध्ये शट डाउनवर क्लिक करताना शिफ्ट दाबून धरलं तर फास्ट स्टार्टअप वगळून यंत्र पूर्ण बंद होतं. कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेवर चिकटपट्टीने लावा. हा सोपस्कार टाळू नका. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात पिळला गेला तर तो बोर्डात किंवा कीबोर्डात घुसतो. सगळे स्क्रू काढूनही झाकण हलत नसेल तर रबरी पायांखाली एखादा लपलेला असतो. कडा उचलायला जुनं प्लास्टिक कार्ड वापरा, धातूची पट्टी नको.

झाकण निघताच पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवण्याचं. काही कनेक्टर वर उचलायचे असतात, काही वायरच्या दिशेने आडवे सरकवायचे असतात. वायर धरून ओढू नका. मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या आणि कामाला लागण्याआधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा.

आता पंखा बघा. तो दोन-तीन स्क्रूंवर असतो, आणि पंख्यापासून जाळीपर्यंत बहुधा एक काळी चिकटपट्टी किंवा फोमची पट्टी असते. ती न फाडता सावकाश सोलून पंखा उचला. जाळीच्या तोंडाशी धुळीचा पट्टा दिसेल, तो चिमट्याने अखंड ओढून काढता येतो. मग जाळीत मऊ ब्रश फिरवा आणि आतून बाहेरच्या दिशेने हवा मारा. हवेचा कॅन उभा धरायचा आणि दोन-दोन सेकंदांचेच झोत द्यायचे, आडवा धरला तर द्रव बाहेर येतो. पंख्यावर हवा मारताना पातं टूथपिकने अडवून धरा. मोकळा सोडला तर तो भलत्या वेगाने फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत वापरू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज तयार होते.

पंखा बोटाने हळूच फिरवून बघा. खरखर लागली, पातं डुगडुगलं किंवा लगेच अडकलं तर पंखा बदलायचा. तेल घालून आवाज काही दिवस थांबतो, पण झिजलेलं बेअरिंग सुधारत नाही. बसवताना ती काळी पट्टी पुन्हा नीट चिकटली पाहिजे. ती सैल राहिली तर पंख्याची हवा जाळीत जायच्या आधीच आतल्या आत निसटते, आणि एवढं करूनही तापमान पहिल्यापेक्षा जास्त दिसतं.

थर्मल पेस्ट

चाचणीत पेस्टचं लक्षण दिसलं असेल तरच इथवर या. हीटसिंकच्या स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट्या क्रमाने आणि प्रत्येक स्क्रू थोडा-थोडा सैल करत जा. हीटसिंक सरळ वर न ओढता किंचित पिळून मोकळा करा. काही गेमिंग लॅपटॉपमध्ये कारखान्यातूनच पेस्टऐवजी लिक्विड मेटल येतं. ते वीज वाहून नेतं आणि त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खातं, त्यामुळे तुमच्या मॉडेलमध्ये ते असेल तर हे काम जाणकारावर सोपवा.

जुनी पेस्ट ९० टक्के किंवा त्याहून शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने चिप आणि तांबं दोन्हींवरून पूर्ण पुसा. लॅपटॉपच्या चिपवर सहसा डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं, चिप उघडीच असते. म्हणून मधोमध एक ठिपका ठेवून चालत नाही. कोपरा कोरडा राहिला तर तिथे तापमान उसळतं. पेस्ट कार्डाच्या कडेने संपूर्ण चिपवर पातळ, सलग पसरवा, इतकी की चिपची चकाकी दिसेनाशी व्हावी. १ ग्रॅमची छोटी नळी एका लॅपटॉपला पुरते. पेस्ट वीजवाहक नसलेलीच घ्या आणि त्यातल्या त्यात घट्ट. उघड्या चिपवर फार पातळ पेस्ट दर वेळी गरम-थंड होताना हळूहळू कडेला सरकते आणि काही महिन्यांत मधला भाग रिकामा पडतो. हे टाळायचं असेल तर फेज-चेंज पॅड लावा. हनीवेलचा पीटीएम७९५० त्यातला प्रसिद्ध. तो साधारण ४५ अंशांना मऊ होऊन चिपवर बसतो आणि पेस्टसारखा सरकत नाही.

शेजारच्या मेमरी चिपवरचे थर्मल पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) फाटले नसतील तर त्यांना हात लावू नका. बदलावेच लागले तर जाडी तंतोतंत तीच हवी. १ मिलिमीटरच्या जागी १.५ चा लावला तर हीटसिंक उचलला जातो आणि प्रोसेसरला टेकतच नाही. बसवताना १, २, ३, ४ या क्रमाने, प्रत्येक स्क्रू अर्धा-अर्धा फेरा पिळत घट्ट करा.

बॅटरी आणि बॅग

लिथियम-आयन बॅटरीचं आयुष्य उष्णतेने आणि सतत पूर्ण चार्ज राहण्याने घटतं. लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा बायोसमध्ये चार्जची मर्यादा ८० टक्क्यांवर आणा. टचपॅड वर आलेला, तळ फुगलेला किंवा झाकण नीट न मिटणारं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग ताबडतोब थांबवा, बॅटरी दाबू किंवा टोचू नका, आणि ती बदलेपर्यंत यंत्र वापरू नका.

नुसतं झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकू नका. आजकालच्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये स्लीप ही खरी झोप नसते. यंत्र मधेच जागं होऊन अपडेट उतरवू लागतं, आणि बॅगेत हवा नसल्याने भट्टीसारखं तापतं. प्रवासाला निघताना हायबरनेट किंवा शट डाउन करा. उन्हात उभ्या गाडीतही लॅपटॉप ठेवू नका.

सफाई किंवा पेस्ट झाल्यावर पहिलीच चाचणी, त्याच खोलीत आणि तेवढाच वेळ, पुन्हा करा आणि आकडे शेजारी लिहा. जाळी स्वच्छ आहे, पेस्ट नवी आहे, पंखा फिरतोय, आणि तरी हीटपाइपचं चिपकडचं टोक चटके देतं नि पंख्याकडचं गारच राहतं, असं असेल तर हीटपाइप निकामी झाला आहे. त्याच्या आत द्रव सील केलेला असतो. पाइप चेपला, वाकला किंवा त्याला बारीक चीर गेली की तो उष्णता वाहून नेत नाही. तो दुरुस्त होत नाही. आपल्या मॉडेलचा हीटसिंकचा पूर्ण जोड मागवून बसवावा लागतो.